वाढीव महिना

सावेडीत गुलमोहर रोडच्या मागं जी गल्ली आहे, तिच्या तोंडाशी उभं राहून कुणी "समाधान सोसायटी कुठं आली हो?" असं विचारलं, तर लोक हल्ली "मोमोवाल्याच्या समोर" असं सांगतात. मालनबाईंना हे अजिबात पटत नाही. सोसायटी आधीची, मोमोवाला परवाचा. तेव्हा मोमोवालाच सोसायटीच्या समोर आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या गाळ्यात पूर्वी पिठाची गिरणी होती. गिरणीची आठवण त्यांना येते ती दळण घेऊन गुलमोहर रोड ओलांडावा लागतो तेव्हा. बाकी त्यांनी मोमो खाऊन पाहिलेत. "उकडीच्या मोदकात कोबी भरलाय, दुसरं काय न्हाई," असं म्हणाल्या आणि आणखी एक प्लेट संपवली.

गल्ली बदलली म्हणजे अशीच बदलली, एकेक घास घेत. डॉक्टरांच्या बंगल्यात कॅफे आला. तिथं पोरंपोरी एका कॉफीवर अख्खी दुपार काढतात. कोपऱ्यावर चुलीवरच्या जेवणाचं हॉटेल आलं, दारात बैलगाडीचं चाक रंगवून उभं केलेलं. गल्लीच्या तोंडाची मराठी शाळा आहे तिथंच आहे, पण अर्धी सेमी-इंग्रजी झाली आणि तिच्या पाटीवर शहराचं नाव अहिल्यानगर असं नव्यानं रंगवलं गेलं. लोकांच्या तोंडातलं नगर काही जायला तयार नाही, आणि ते जावं असा कुणाचा आग्रहही दिसत नाही.

समाधान सोसायटी तीन मजली, बिनलिफ्टची. नेवासा, पाथर्डी, पारनेर अशा चहूकडच्या माणसांनी लेकरांच्या शाळेसाठी गाव सोडलं आणि कर्ज काढून ती बांधली. लेकरं शिकून पांगली, कर्जं फिटली आणि आता स्लॅब गळायला लागला. मालनबाई घोडेगावच्या शेतकऱ्याची लेक. त्यांचे मालक कानिफनाथ एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, आणि जिन्याच्या पलीकडं, बरोब्बर दारासमोर दार, राजेश्वरीबाईंचं.

राजेश्वरीबाई म्हणजे गल्लीतल्या शाळेच्या निवृत्त बाई. आसपासच्या निम्म्या मिशा त्यांच्या हातची छडी खाऊन मोठ्या झालेल्या. माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. आईबाप दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि ही पोरगी वसतिगृहात राहून शिकली. यजमान लवकर गेले. एकुलती एक लेक पंकजा पुण्याला नोकरी करते. बाई एकट्या राहतात, कडक बोलतात, आणि स्वयंपाकात मीठ कमी घालतात. हे शेवटचं मालनबाई कुणाजवळ बोललेल्या नाहीत.

या दोन घरांमधून तीसएक वर्षं एक स्टीलचा डबा ये-जा करत होता. डबा कधी हा असायचा, कधी तो. मुद्दा डब्याचा नाही. मालनबाईंकडून शेंगोळे जायचे, बाईंकडून डबा परत यायचा तो गूळपोळी घालून. गूळपोळीचा डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून इकडून थालीपीठ. हे कुणी सुरू केलं ते दोघींनाही आठवत नव्हतं, त्यामुळं थांबवायचं कुणी हाही प्रश्न कधी आला नाही. दिवसा दोन्ही दारं उघडी असायची. मालनबाई भाजी निवडायला दारात बसत, बाई वर्तमानपत्र घेऊन समोरच्या दारात खुर्ची टाकत. बोलणं झालं तर झालं. नाही झालं तरी दुपार चांगली जायची.

मग सोसायटी पाडून सात मजली इमारत बांधायचं ठरलं. सगळ्यांना आनंद झाला, मालनबाईंनाही. गुडघे दुखत होते, लिफ्ट हवीच होती. बिल्डर जुन्या रहिवाशांना नवं घर देणार होता, आणि कोण कितव्या मजल्यावर हे ज्यानं त्यानं ऑफिसात जाऊन सांगायचं होतं. ज्याला परत यायचं नसेल त्यानं पैसे घेऊन मोकळं व्हायचं. ही दुसरी सोय मालनबाईंना मुळीच आवडली नाही. कारण जिन्यात कुणीतरी म्हणालं होतं, "राजेश्वरीबाई काही परत येत नाहीत. लेकीकडंच राहतील पुण्याला. एकट्या बाईनं करायचंय काय इथं?"

आता माणसानं सरळ समोरच्या दारात जाऊन विचारावं, "बाई, परत येनार का न्हाई?" चार पावलांचं अंतर. पण मालनबाईंच्यानं ते होईना. विचारलं आणि 'नाही येणार' असं उत्तर आलं तर? न विचारता निदान आशा तरी होती. कानिफनाथ म्हणाले, "मी इचारू का?" तर त्या अंगावर धावून आल्या. "तुमी गप ऱ्हावा. तुमी इचारलं की तिकीट फाडल्यावानी इचारताय. येनार का जानार, लवकर सांगा."

सोसायटीची नोटीस लागली. वैशाख संपायच्या आत सर्वांनी घरं मोकळी करावीत, गॅस आणि वीज यांची व्यवस्था लावावी. बारा घरांपैकी अकरा घरांनी ती वाचली आणि चहा ठेवला. बिल्डरनं दिलेली तारीख खरी मानायची नसते हे नगरात शेंबड्या पोरालाही कळतं. खरी मानली एकट्या राजेश्वरीबाईंनी. त्यांच्या लहानपणी मुकादमाची गाडी ठरल्या दिवशी निघायची, आणि ज्याचं बोचकं बांधून झालेलं नसेल तो मागं राहायचा. तारीख म्हणजे तारीख, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं होतं. वेळेच्या दोन दिवस आधी त्यांनी टेम्पो बोलावला. पुस्तकांची कपाटं, ट्रंका, खोकी असं सगळं पुण्याला रवाना झालं. मालनबाई खिडकीच्या गजाला धरून बघत होत्या. परत यायचं असतं तर इथंच कुठं भाड्यानं राहिल्या असत्या, एवढं सामान पुण्याला कशाला? हे कायमचं जाणं झालं. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि उगाच कानिफनाथांवर ओरडल्या, की नळ का चालू ठेवलाय.

आणि टेम्पो गेला त्याच संध्याकाळी सोसायटीत निरोप आला, की सगळं महिनाभर पुढं ढकललंय. यंदा जेठ अधिक. धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात शुभकार्याला हात लावायचा नाही. बिल्डर परदेशी गाडीतून फिरणारा माणूस, त्याला कशाचं काही नव्हतं. पण त्याच्या आईनं सांगितलं, धोंड्यात कुदळ लावलीस तर मी पूजेला बसायची नाही. रहिवाशांनाही ते मानवलं, कारण भाड्याच्या का होईना, नव्या घरात अधिकात पाऊल कोण टाकतंय? अर्धी बांधलेली खोकी पुन्हा सोडून लोकांनी त्यातून कढया बाहेर काढल्या.

धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. मालनबाईंची अश्विनी आणि जावई समर्थ संगमनेरहून आले. मालनबाईंनी पुरण घालून धोंडे केले, वाफवले, वर तुपाची धार सोडली. जावयाला नवे कपडे, अनारशांचं वाण, सगळं रीतसर झालं. समर्थ बिचारा सकाळी जिमला जाणारा मुलगा. चौथ्या धोंड्यानंतर त्याचा चेहरा उतरला, पण सासूबाईंचा हात थांबेना. पंगत उठायच्या आधीच मालनबाईंनी एक डबा भरून घेतला आणि समोरच्या दारात गेल्या.

"अगबाई, धोंडे!" बाई म्हणाल्या. "पंकजाच्या बाबांना फार आवडायचे." डबा दोन्ही हातांत घेऊन त्या दाराच्या चौकटीतच उभ्या राहिल्या. "या ना आत" असं एरवी म्हणाल्या असत्या, तेवढं त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मालनबाईंच्या ते ध्यानातही आलं नाही, घरात जावई होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा आणून दिला. "छान झाले होते हो," एवढंच बोलून लगबगीनं परत फिरल्या. मालनबाईंच्या हाताला आधी कळलं आणि मग डोक्याला. डबा हलका होता. त्यांनी झाकण काढलं. आत घासूनपुसून लख्ख, कोरडा ठणठणीत. चार शेंगदाणे नाहीत, की साखरेचा कण नाही.

मालनबाई तिथंच पाटावर बसल्या. घोडेगावात रिकामं भांडं परत येतं ते दोन घरांचं येणंजाणं संपतं तेव्हा. सख्ख्या जावांनी बांधावरून भांडण केलं आणि एकीनं दुसरीचं पातेलं धुऊन परत पाठवलं, ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या जावा पुढं मरेपर्यंत एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत.

"इसरल्या आसतील," कानिफनाथ म्हणाले.

"बाई इसरत्यात व्हय? पाचवीतल्या पोरानं काय गनित चुकवलं हुतं ते आज सांगतील त्या."

"मंग काम आसंल काहीतरी."

"काम न्हाई. मोकळं व्हायचंय त्यास्नी. जायच्या आधी सगळ्यांचं देनंघेनं फेडून टाकायचंय. हिशोबी मानूस."

तरी एकदा खात्री करावी म्हणून एकादशीला त्यांनी भगर आणि शेंगदाण्याची आमटी पाठवली. परतून आलेला डबा पुन्हा कोरडा. आणि या वेळी बाईंनी नजरसुद्धा वर केली नाही. डबा उंबऱ्यावर ठेवला, "येते हं," म्हणाल्या आणि आपल्या दारात शिरल्या.

मालनबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला, पण रागापेक्षा दुःख मोठं होतं आणि ते कुठं ठेवावं हे कळेना. म्हणून त्यांनी दाराला कडी लावली. भर दुपारी, जेठाच्या उकाड्यात. कानिफनाथांनी विचारलं तर म्हणाल्या, "लई गरम व्हतंय." दार लावल्यानं घरात चुलीवर बसल्यासारखं होऊ लागलं, तरी कडी काही निघाली नाही. कानिफनाथ बनियनवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस काय काय शिकतो त्यात हेही एक.

पूर्वीच्या काळी हे असं लांबलं नसतं. समाधान सोसायटीचा जिना चढताना कुणाच्या घरात काय शिजतंय ते नाकाला कळायचं, आणि कुणाच्या घरात काहीच शिजत नाही तेही. आता सकाळपासून जिन्यात एकच वास, कॅफेतल्या चीजचा आणि मोमोच्या लाल चटणीचा. त्यात बाईंच्या घरातून फोडणीचा वास येत नाही हे मालनबाईंना कळणार कसं? बाई रोज संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि दिवेलागणीला येतात, एवढं त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. फिरायला जात असतील. मजेत आहेत. असू द्या.

आठवडाभर असं घुसमटून एका दुपारी मालनबाई कानिफनाथांना म्हणाल्या, "चला. घर सांगून येऊ. सातवा मजला घ्यायचा."

कानिफनाथ वर्तमानपत्र टाकून उठले. सातव्या मजल्याचं स्वप्न खरं त्यांचं. रस्त्याकडची मोठी गॅलरी, सकाळचं ऊन, आणि लांब डोंगरावर चांदबिबीचा महाल. जन्मभर हलत्या बसमध्ये उभं राहून रस्ता पाहिला, आता खुर्चीत बसून पाहावा. मालनबाईंनाही तो मजला मनातून आवडलेला होता. एवढ्या गॅलरीत कुरडया आणि पापड काय सुंदर वाळले असते! पण बाईंचं काय ते कळेपर्यंत त्या सांगायचं टाळत होत्या.

बिल्डरचं ऑफिस शेजारच्याच प्लॉटवर, थंडगार काचेच्या खोलीत. टेबलावर नव्या इमारतीचं छोटं घर केलेलं, हिरवी झाडं, मुंगीएवढ्या गाड्या. तिथला इंजिनिअर कल्याण याच गल्लीतला. चौथीला बाईंच्या वर्गात होता.

"या काकू. मी तुमचीच वाट बघत होतो. तुमचं ठरेना म्हणून बाईंचं अडलंय."

"कोन्च्या बाईंचं?"

"आपल्या राजेश्वरीबाईंचं. त्या तर पहिल्याच दिवशी आल्या होत्या, ऑफिस उघडलं तेव्हा. म्हणाल्या, मालनबाई कोणतं घर घेतील ते घेऊ देत, मला त्यांच्या समोरचं दे. दुसरं काही ऐकायला तयार नाहीत." कल्याण हसला. "मी म्हटलं, बाई, नव्या इमारतीत दारासमोर दार येतच नाही. वास्तूत बसत नाही म्हणून मुद्दाम फिरवलीत दारं. तर मला म्हणतात, नकाशा चुकलाय तुझा, दुरुस्त करून आण."

 मालनबाई दाराकडं वळल्या. कानिफनाथांनी विचारलं, "मंग सातवा सांगायचा का?" तेव्हा त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि चपला पायात नीट न घालताच बाहेर पडल्या. उन्हात, गल्लीतून, मोमोवाल्याच्या गाळ्यासमोरच्या गर्दीला वळसा घालून त्या जिन्यापाशी आल्या. गुडघ्यांना विचारलं नाही. दोन मजले चढून समोरच्या, त्या वेळी नेमक्या लावलेल्या दारावर त्यांनी मुठीनं थापा मारल्या.

"बाई! दार उघडा."

बाईंनी दार उघडलं. "काय झालं? कानिफराव बरे आहेत ना?"

मालनबाई त्यांच्या बाजूनं आत शिरल्या. बाहेरच्या खोलीत खाट आणि एक खुर्ची होती, ती ओलांडून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असं न विचारता त्या कधी गेल्या नव्हत्या. ओटा मोकळा होता. शेगडीच्या जागी नुसते चार डाग. मांडणीवरचं एकही भांडं नाही. कोपऱ्यात माठ, त्यावर पेला, आणि खिडकीत एक ताटली आणि बिस्किटांचा पुडा.

"गॅस कुठं हाय?"

"परत केला," बाई मागून म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "नोटिशीत तारीख दिली होती. भांडी, डबे, डाळी, सगळं टेम्पोतून गेलं. मला काय माहीत, अधिकामुळं पुढं ढकलतील."

"मंग जेवताय कुठं?"

"सकाळी इडली आणते. संध्याकाळी त्या चाकवाल्या हॉटेलात. बरं असतं. मीठ जरा जास्त घालतात."

मालनबाईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरले. "आन् माझा डबा रिकामा दिलात व्हय! आठ दिवस झोप न्हाई मला. आवो, कायतरी टाकायचं. हॉटेलातली भजी टाकायची."

"तुमच्या डब्यात विकतचं कसं घालू?" बाई म्हणाल्या. "हातात घेतली होती भजी. पण मन घेईना. ते तुम्हाला फसवल्यासारखं झालं असतं."

"मंग साखर टाकायची चिमूटभर."

"साखरेचा डबा पुण्याला गेला, मालनबाई."

दोघी हसल्या. मग हसणं थांबलं, आणि मालनबाईंनी जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते विचारलं. "सामान गेलं, गॅस गेला, लेक बोलवती. मंग हितं बिस्किटं खात कशापायी ऱ्हायला?"

बाई बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "टेम्पो गेला त्या रात्रीच्या बसनं मी निघणारच होते. तेवढ्यात निरोप आला, महिना पुढं गेला. मालनबाई, बांधकामाची दोन-तीन वर्षं काढायचीत पंकजाकडं. ती चांगली आहे, जावई चांगला आहे. पण तिथं दार उघडलं की समोर भिंत. हा महिना मला वरचा मिळाला, कुणी हातावर ठेवावा तसा. म्हटलं, तो सोडायचा नाही. कसंही खाऊ, कुठंही झोपू, पण इथंच राहू. दार उघडलं की तुम्ही भाजी निवडताना दिसता. मला तेवढं पुरतं. तुमचं दार बंद होतं तरी मी खुर्ची टाकून बसतच होते, केव्हातरी उघडेल म्हणून."

 मालनबाई खाटेच्या कडेवर टेकल्या. त्या वाढीव महिन्यातला अख्खा आठवडा त्यांनी दाराला कडी लावून काढला होता, आणि ही बाई समोर उघड्या दारात खुर्ची टाकून त्या बंद फळीकडं बघत बसली होती. 

"बाई, मला वाटलं तुमी आमाला सोडून चालला. मला लई वाईट वाटलं. मी रडले, कडी लावून रडले."

"मी कल्याणला सांगितलं होतं की."

"कल्यानला सांगितलं! मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्हाला काय सांगायचं त्यात," बाई खरोखर गोंधळून म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊकच असेल असं धरून चालले होते मी."

त्या दिवसापासून बाई मालनबाईंकडं जेवू लागल्या. पहिल्या दिवशी संकोचल्या, दुसऱ्या दिवशी कोशिंबीर कशी करावी ते सांगू लागल्या. कानिफनाथांना ताटाभोवती पाणी फिरवताना पाढा म्हणायला लावतील की काय अशी भीती वाटायला लागली. डब्याचा प्रश्नच उरला नाही. दोन्ही दारं सकाळी उघडायची ती झोपताना लागायची, आणि महिना संपत आला तशी मालनबाईंना दुपार लहान वाटू लागली.

धोंडा सरायच्या आधी तिघंही कल्याणच्या ऑफिसात गेले. कल्याणनं नकाशा पसरला आणि घाम पुसला. बाई समोर उभ्या असल्या की त्याला अजून चौथीत असल्यासारखं वाटत असावं.

"बाई, समोरासमोर दारं मला खरंच करता येणार नाहीत. पण हे बघा. मागच्या बाजूला दोन घरं आहेत, त्यांची स्वयंपाकघरं एकमेकांकडं तोंड करून आहेत. मधे मोकळी जागा आहे ती अगदी हातभर. खिडकीतून खिडकीत भांडं देता येईल. बाकीच्या मजल्यांवर त्यातलं एकेक घर गेलंय. दोन्ही मोकळी आहेत ती फक्त दुसऱ्या मजल्यावर."

"तीच द्या," मालनबाई म्हणाल्या.

"काकू, मागची बाजू आहे ती. ऊन येत नाही. रस्ता दिसत नाही, समोर पाण्याची टाकी येते. आणि सातवा मी तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलाय. आज सोडलात तर उद्या जाईल."

कानिफनाथ टेबलावरच्या छोट्या इमारतीकडं बघत होते. सातव्या मजल्याची ती इवलीशी गॅलरी त्यांनी बोटानं एकदा पुसली. मग म्हणाले, "महाल काय, गच्चीवरनं बी दिसतोच की."

बाई मात्र ऐकेनात. वर्गात शिरल्यासारख्या त्या टेबलाजवळ आल्या. "हे काही बरोबर नाही. मालनबाई, हट्ट करू नका. जन्मभर अंधाऱ्या घरात काढलंत, आता ऊन मिळतंय ते माझ्यापायी घालवू नका. तुम्ही सातवा घ्या, मी दुसऱ्यावर राहते. लिफ्ट आहे. रोज वर येईन मी, तुम्ही खाली या. एका बटणाचं तर काम."

"लिफ्टनं आनली तर आमटी गार व्हती, बाई," मालनबाई म्हणाल्या. "आन् तुमाला गार आमटी द्यायला मला न्हाई आवडत."

   बाईंच्या चष्म्याआड पाणी भरलं आणि ते त्यांनी कुणापासून लपवलंही नाही. मालनबाईंचा हात आपल्या हातात घट्ट धरून त्या कल्याणकडं वळल्या.

"बघतोस काय? लिही. दुसरा मजला, दोन्ही घरं."